चेन होती, पण चुकीच्या चाकाला: तासगावहून काश्मीरला गेलेल्या दोन गाड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझं तासगाव भागात टायरचं दुकान आहे. नवे टायर, रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेले), पंक्चर, अलाइनमेंट, सगळं. बर्फाशी आमचा संबंध उसाच्या रसात टाकतात तेवढाच. त्यामुळे डिसेंबरात बापू दुकानात येऊन म्हणाले, "दोन गाड्यांना बर्फाच्या साखळ्या बघ," तेव्हा मला आधी थट्टाच वाटली. या साखळ्या म्हणजेच चेन, बर्फावर चाक घसरू नये म्हणून टायरवर चढवतात त्या.

बापू बेदाण्याचे व्यापारी. (माणसं खरी आहेत, पण ओळखू येतील असे तपशील काढले आहेत.) श्रीनगरच्या एका सुक्यामेव्याच्या व्यापाऱ्याला त्यांचा माल जातो आणि त्याच्याकडे दोन हंगामांची उधारी थकली होती. जानेवारीत शीतगृहातला शेवटचा बेदाणा घालायचा, वसुलीला स्वतः जायचं आणि येताना पुलवामा जिल्ह्यातल्या लासीपोराच्या शीतगृहातून पुण्याच्या मार्केटसाठी सफरचंद भरायचं, असा बेत होता. रिकामी गाडी परत आणली तर अडीच हजार किलोमीटरचं डिझेल अंगावर येतं.

ट्रक दहा टायरचा. मागच्या दोन एक्सलपैकी पुढचा हाउसिंगचा, म्हणजे इंजिनाची ताकद घेणारा, आणि शेवटचा नुसता भार वाहणारा, ज्याला आमच्याकडे डमी म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढं सगळं यावरच अडतं. एसयूव्ही डिझेलची, मागच्या चाकांवर चालणारी, फोर बाय फोर नाही. ट्रकवर अण्णा, वीस-बावीस वर्षांचे मुरलेले ड्रायव्हर, आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेला क्लिनर पोरगा. एसयूव्हीत बापू, त्यांचा पुतण्या आणि मी. "टायरवाला बरोबर असलेला बरा," असं बापू म्हणाले आणि मीही लगेच हो म्हटलं. काश्मीर कुणाला नको असतं?

अडचण

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान असतो, म्हणजे थंडीचा सगळ्यात कडक काळ. आमचा प्रवास नेमका त्यात. जम्मू-श्रीनगर हायवेवर बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा २०२१ पासून चालू झाला आहे. तो जुन्या जवाहर बोगद्यापेक्षा सुमारे ४०० मीटर खाली असल्यामुळे घाटमाथ्यावरचं बर्फ आता टळतं. हायवेवर बर्फ काढायची यंत्रंही फिरतात. म्हणून अण्णांचं म्हणणं, "हायवेला काय न्हाई व्हत. आतल्या रस्त्याला गेलं की मग बघा." ते आधी दोनदा जाऊन आले होते, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. पण अंदाज त्यांचाच बरोबर निघाला.

दुकानदार म्हणून माझी अडचण वेगळी होती. चेन कोणत्या मापाची मागवायची?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जम्मूत माल पलटी करण्याचा. ट्रान्सपोर्टात पलटी म्हणजे एका गाडीतला माल दुसरीत चढवणं, गाडी उलटण्याशी त्याचा संबंध नाही. तरी घरच्या बायकांनी तो शब्द ऐकून एकच गोंधळ घातला. इथं पलटी म्हणजे तिकडचा ट्रक, तिकडचा ड्रायव्हर, आणि आमची गाडी जम्मूत उभी. अण्णा याच बाजूचे होते. बापूंना दुहेरी हमाली आणि बॉक्सची मोडतोड नको होती.

दुसरा पर्याय तिथं जाऊन चेन घेण्याचा. लहान गाड्यांना त्या मिळतात. गुलमर्गच्या पायथ्याला तंगमर्गला बर्फ पडलं की चेनशिवाय किंवा फोर बाय फोरशिवाय वर सोडत नाहीत, त्यामुळे तिथं चेन लावून देणाऱ्यांचा धंदाच आहे. पण आमच्या मापाची, आम्हाला हवी त्या रात्री मिळेलच याची खात्री कोण देणार?

तिसरा पर्याय अण्णांचा देशी. काथ्याचा जाड दोर चाकाला गुंडाळायचा. उसाच्या फडात काळ्या रानात गाडी रुतली की आपण पाचट टाकतो, मुरूम टाकतो, वेळ पडली तर साखळी गुंडाळतो. तत्त्व तेच आहे, मी हसलो नाही. पण बर्फावर दोर भिजतो, गोठतो आणि थोड्या अंतरात तुटतो. एसयूव्हीसाठी टायरवर चढवायचे कापडी मोजेही मिळतात. हलके, घालायला सोपे, पण डांबर लागलं की फाटतात.

शेवटी लोखंडी चेन इथूनच घेऊन जायची ठरली. दोन्ही जोड्या मिळून खर्च ट्रकच्या दोन दिवसांच्या हॉल्टिंगपेक्षा, म्हणजे गाडी नुसती उभी राहिल्याच्या खर्चापेक्षा, कमी होता, त्यामुळे बापूंनी फार घासाघीस केली नाही.

नमुना निवडताना दोन प्रकार समोर होते. शिडीसारख्या चेनमध्ये आडव्या पट्ट्या ठरावीक अंतरावर असतात. ओढायला उत्तम, पण दोन पट्ट्यांच्या मध्ये टायर जमिनीवर आला की चाक आडवं घसरू शकतं. चौकटी नक्षीच्या चेनमध्ये टायरवर कायम काही ना काही लोखंड टेकलेलं असतं, त्यामुळे वळणावर ती बरी. एसयूव्हीला चौकटी घेतली. ट्रकला शिडीची घेतली, कारण मजबूत आणि दुरुस्तीला सोपी. ट्रकच्या जोडचाकांना बाहेरच्या टायरपुरती एकेरी चेन मिळते, नाहीतर दोन्ही टायर झाकणारी तिहेरी. एकेरीची जोडीच तीसेक किलो भरते, तिहेरी जवळपास दुप्पट. क्लिनरच्या खांद्याकडे बघून मी एकेरी सांगितली. आज तो निर्णय मला तितकासा पटत नाही.

मापाचा घोळ

ट्रकचं माप सोपं निघालं. इंटरनेटवर बहुतेक माहिती अमेरिकेतली, तिथल्या ट्रकना ११ आर २२.५ चे ट्यूबलेस टायर. आमच्या गाडीला १०.०० आर २०, ट्यूबचे. रिमचा आकडा वेगळा असला तरी ही दोन मापं बाहेरून जवळपास सारखीच उंच असतात, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून ११ आर २२.५ ची चेन आमच्या टायरला बसते. मी बिनधास्त मागवली.

एसयूव्हीत मात्र मी तोंडावर पडलो. गाडीच्या माहितीपुस्तकात टायर २३५/६५ आर १७. पुतण्यानं त्याच मापाची चेन ऑनलाइन मागवली आणि मीही पुस्तक बघून मान डोलावली. चेन आल्यावर एका रविवारी दुकानामागच्या मुरमाच्या पटांगणात लावून बघायचं ठरलं. गल्लीतली अर्धी पोरं जमली. एक म्हातारा म्हणाला, "रथोत्सवातल्या हत्तीच्या पायात असती तसली साखळी हाय की ही."

चेन चाकामागं पसरली, पीळ काढला, आकडे टायरकडे न करता बाहेर तोंड करून ठेवले, म्हणजे टायरच्या बगलेला घासत नाहीत. आतला आकडा अडकवला, गाडी अर्धं चाक पुढं घेतली, बाहेरचा आकडा ओढला. बसेना. चार बोटं कमी. पुतण्यानं जोर लावला, मी लावला, मग हवा कमी करून बघू म्हणाला. त्याला थांबवलं. हवा कमी करून चेन बसवली की पुन्हा हवा भरताना ताण टायरवर येतो, आणि कमी हवेवरच गाडी चालवली तर टायर रिमवरून सुटायची भीती.

मग मी वाकून टायरच्या बगलेवरचा आकडा वाचला. २४५/७५ आर १६. पुतण्यानं मागच्या वर्षी हौसेनं रिमसकट टायर बदलले होते, आणि ते बदलून दिले होते माझ्याच दुकानातून! आकडेमोड केली. जुन्या टायरची उंची साधारण ७३७ मिलिमीटर, नव्याची ७७४. उंचीत पावणेचार सेंटिमीटरचाच फरक, पण घेरात तो साडेअकरा सेंटिमीटर होतो. तीच ती चार बोटं.

चेन परत केली, दुसरी मागवली, पुन्हा लावून बघितली. या वेळी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोटं घालून सगळीकडे जागा तपासली: ब्रेकचा पाइप, शॉकअॅब्झॉर्बर, मडगार्ड. पुढच्या चाकाला जाड टायरमुळे आत फार कमी जागा उरली होती, तिथं चेन घातली असती तर कशाला तरी घासलीच असती. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला चेन मागंच लागते, त्यामुळे प्रश्न मिटला. फक्त पुढची चाकं मोकळी राहतात, उतारावर वळताना नाक सरळ निघू शकतं, एवढं पुतण्याला बजावलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उलटं होतं, चेन पुढं घालतात आणि शेपूट घसरतं.

ट्रकची चेन मात्र लावून बघितली नाही. गाडी आदल्या दिवशी अठरा टन भरून आली होती आणि अण्णांना अंधार पडायच्या आत निघायचं होतं. माप बरोबर आहे, मग काय बघायचं, असा विचार मी केला. चेन टूलबॉक्समध्ये गेली, वर दोरखंड आणि ताडपत्री.

लासीपोरा

जाताना बर्फ लागलंच नाही. बेदाणा उतरला, उधारीतली निम्मी रक्कम आली, उरलेल्या निम्म्यासाठी बापूंना कहवा आणि नवी तारीख मिळाली. तिसऱ्या दिवशी लासीपोराच्या औद्योगिक वसाहतीत सफरचंद भरायला लागलो तेव्हा दुपारी भुरभुर सुरू झाली. संध्याकाळपर्यंत घोट्याएवढं साचलं.

इथं पहिला फाटा आला. रात्र तिथंच काढायची की निघायचं? शीतगृहाचा माणूस म्हणाला, सकाळी काचेसारखं गोठेल, निघायचं असेल तर आत्ता. सफरचंद उणे दीड-दोन अंशाखाली गोठायला लागतं, आणि आमचा माल आता शीतगृहाबाहेर, ताडपत्रीखाली. निघायचं ठरलं. त्या माहितीवर तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

एसयूव्हीची चेन पुतण्यानं आणि मी मिळून वीस मिनिटांत लावली. तासगावात दोनदा केलेलं काम, हाताला सवय होती. हवाही तपासली. तासगावात ३२ भरलेली, इथं २६ दाखवत होती. पाच-साडेपाच अंश थंडी वाढली की साधारण एक आकडा उतरतो. ती भरून घेतली. आम्ही दोघं स्वतःवर खूश होतो.

पन्नास पावलांवर क्लिनर पोरगा ट्रकला चेन लावत होता. अण्णा बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर पुढचा चढ बघायला चालत गेले होते. पोरानं मोबाइलवर सहा टायरच्या गाडीचा व्हिडिओ बघितला होता, त्यात चेन शेवटच्या चाकाला. इथंही शेवटच्या चाकामागं वाकायला जागा भरपूर, आणि बर्फ-चिखलानं खालचं हाउसिंग दिसतच नव्हतं. त्यानं मोठ्या इमानदारीनं दोन्ही बाजूंना, आकडे बाहेर करून, घट्ट ओढून चेन लावली. डमीला.

गेटबाहेर दोनशे मीटरवर साधा चढ आहे. एसयूव्ही वर गेली. मागं वळून बघितलं तर ट्रक अर्ध्यावर थांबलेला. अण्णांनी पुन्हा गिअर टाकला. गाडी हलली नाही, मग हळूच मागं सरकायला लागली, शेपूट डावीकडं. ब्रेक दाबून होते, तरी सरकतच होती. मागचं डावं चाक रस्त्याकडेच्या नालीत गेलं आणि बागेच्या दगडी भिंतीला टेकून गाडी थांबली. त्या भिंतीचे उपकार.

मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. एक्सिलेटर दिला की मधली चाकं गरगरा फिरत होती, खालून वाफ निघत होती, जळक्या रबराचा वास. आणि त्यांच्यामागं चेन घातलेली चाकं शांत उभी, साखळीवर ताजं बर्फ तसंच बसलेलं. मला कळायला दोन सेकंद लागले. अण्णांना अर्धा.

"आरं, हाउसिंग सोडून डमीला घातलीस व्हय?"

पोरगा काहीच बोलला नाही. मीही नाही. चेन मीच विकली होती, आणि कोणत्या चाकाला घालायची हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. डमीला चेन असली तर ब्रेक मारताना थोडी मदत होते, कदाचित म्हणूनच गाडी वेगानं न जाता हळूहळू सरकली. पण ओढायला तिचा उपयोग शून्य.

साडेतीन तास

चाकांना लाकडी ठोकळे लावले. शीतगृहातली चार माणसं फावडी घेऊन आली. डमीची चेन काढायला एक तास गेला, कारण नालीकडच्या बाजूचे आकडे गोठले होते आणि हातमोजे फक्त एसयूव्हीत होते, तेही एकच जोड. जॅक लावायला फळी लागली, नाहीतर जॅकच बर्फात शिरत होता. उजवी चेन हाउसिंगच्या बाहेरच्या टायरला गेली. डावीकडं आधी माती काढली, मग चेन. मधल्या चाकापुढं-मागं हाताला जागा फार कमी. इथं सराव लागतो, आणि तो आमच्यापैकी कुणालाच नव्हता. तो बाहेरचा टायर ताजा रिमोल्ड होता, गोटी (टायरवरची नक्षी) खोल, त्यामुळे घेर थोडा जास्त आणि चेन एका कडीनं अपुरी वाटली. शेवटी ओढून बसली. लावून बघितली असती तर हेही तासगावातच कळलं असतं.

रात्री साडेदहाला अण्णांनी दुसऱ्या गिअरात, एक्सिलेटर न भरता गाडी काढली. चेन लावल्यावर शंभर मीटर जाऊन थांबायचं आणि ढिली झालेली चेन पुन्हा ओढायची, हे मला माहीत होतं. एसयूव्हीची ओढली. ट्रकची ओढली नाही. सगळे इतके गारठले होते की गाडी चालतेय यातच आनंद.

हायवेला लागलो तर रस्ता मोकळा, काळं डांबर दिसत होतं. चेन तिथंच उतरवायला हवी होती. "बोगद्यापाशी काढू," असं अण्णा म्हणाले आणि कुणी वाद घातला नाही. चेनवर तीस-पस्तीसच्या वर जाऊ नये, ते त्यांनी पाळलं, पण डांबर शिडीच्या पट्ट्या खातंच. थोड्या वेळानं खडखडाट सुरू झाला. दोन पट्ट्या तुटल्या होत्या, एक लोंबती पट्टी मडगार्डवर आपटून तिथं भोक पडलं होतं. ती एअर ब्रेकच्या पाइपवर आपटली असती तर हे लिहायला मी वेगळ्या मूडमध्ये बसलो असतो.

निकाल

काझीगुंडला जड गाड्या एकतर्फी सोडत होते, तिथं दोन रात्री रांगेत गेल्या. अण्णांनी रोज सकाळी ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडलं, नाहीतर ते गोठून ब्रेक अडकतात. ताडपत्रीवर आणखी एक ताडपत्री घातली. पुण्यात माल उतरला तेव्हा मागच्या कोपऱ्यातले बॉक्स भिंतीच्या धक्क्यानं दबलेले निघाले, त्याची कपात झाली. शिवाय मागचा दिवा, मडगार्ड आणि बागवाल्याला भिंतीचे पैसे. माणसाला ओरखडाही नाही. सगळा हिशेब मांडला तर भाड्यातून थोडं उरलंच, पण बापूंनी सांगितलेला आकडा दर आठवड्याला बदलतो.

पुन्हा करायचं झालं तर

ट्रकची चेन गाडी रिकामी असताना, लोडिंगच्या आधी, हाउसिंगच्या चाकाला लावून बघेन. अर्ध्या तासाचं काम. एसयूव्हीला तो अर्धा तास दिला म्हणून मापाची चूक घरी सापडली, ट्रकला दिला नाही म्हणून चूक पुलवाम्यात सापडली. चूक क्लिनरची म्हणणारे पुष्कळ आहेत, मी त्यात नाही.

टायरचं माप पुस्तकातून किंवा कागदावरून घेणार नाही, चाकावरून वाचेन. माझ्या दुकानातून गेलेले टायर असले तरी.

भरलेल्या दहा टायरच्या गाडीला पुढच्या वेळी तिहेरी चेन घेईन. जड आहे, मान्य. पण एकेरीत जोडचाकातला एकच टायर काम करतो आणि आतला नुसता घसरत बसतो. सुट्ट्या आडव्या पट्ट्या, पक्कड, दोन फळ्या, डोक्याचा टॉर्च आणि माणशी एक हातमोजा जोड बरोबर हवेत, आणि चेन केबिनमध्ये हवी. ताडपत्रीखालून ती काढायलाच पाऊण तास गेला होता.

एका गोष्टीवर माझं आणि अण्णांचं अजून जुळत नाही. त्यांच्या मते जानेवारीत आपली गाडी जम्मूच्या पुढं न्यायचीच नाही, माल पलटी करावा. मला वाटतं बर्फाची चूक नव्हती, त्या चढावर बरोबर चाकाला चेन असती तर आम्ही रात्री आठला हायवेला असतो. पण गाडी मागं सरकत असताना स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं, माझ्या नाही. म्हणून मी फार ताणत नाही.

तुटक्या चेनला मी नव्या पट्ट्या जोडून दिल्या, मजुरी न घेता. परत आल्यावर क्लिनर पोरगा दुकानात आला आणि पिवळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा मागितला. हाउसिंगच्या दोन्ही बाजूंच्या हबवर त्यानं जाड पट्टा मारला, चिखलातूनही दिसेल असा. मग बापूंच्या दुसऱ्या गाडीलाही मारला. ती सहा टायरची आहे, मागं एकच एक्सल, तिथं चुकायला जागाच नाही. सांगितलं, पण पोरगं ऐकेना.